मोडण्यासाठीच केलेली पिन

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी फायबरची होडी असो की पहाटे जाळं टाकायला निघालेली, तिच्या मागच्या फळीला क्लॅम्पने अडकवलेल्या आउटबोर्ड इंजिनाचं आता कुणाला नवल वाटत नाही. ते फळीबाहेर लटकतं, म्हणून उथळ पाण्यात वर उचलता येतं आणि बिघडलं तर सोडवून घरी नेता येतं. पण लटकतं म्हणूनच वाळू, खडक, दोऱ्या आणि खारं पाणी यांचा पहिला मार त्यालाच बसतो.

नॉर्वेत जन्मलेला ओले एव्हिनरूड हा कारागीर १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात अशी इंजिनं विकू लागला. ताकद दीड अश्वशक्ती, वजन साधारण २८ किलो. त्याच्याआधीही काहींनी प्रयत्न केले होते, पण धंदा उभा राहिला तो त्याचा. वल्हवत आणताना आइस्क्रीम वितळलं आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. असेलही. मला मात्र या यंत्रातली खरी हुशारी एका बोटभर पिनेत दिसते.

लहान इंजिनात पंखा आणि त्याचा दांडा यांना जोडणारी एक आडवी पिन असते. इंग्रजीत तिला शिअर पिन म्हणतात आणि आपल्याकडेही तेच नाव चालतं. पंखा खडकावर आपटला की ती मुद्दाम तुटते. इंजिन घोंघावत राहतं, पंखा थांबतो आणि आतले गिअर वाचतात. दुरुस्ती सोपी: इंजिन बंद करायचं, उचलायचं, कॉटर पिन काढायची, पंखा ओढून तुटके तुकडे बाहेर काढायचे आणि नवी पिन घालायची. जाणता माणूस दोन-तीन पिना आणि पक्कड इंजिनाच्या झाकणाखालीच ठेवतो. घोटाळा होतो तो जवळ पिन नसते तेव्हा. मग कुणीतरी खिळा कापून घालतो. खिळा टिकतो, आणि पुढच्या खडकाला त्याच्याऐवजी गिअर तुटतो. क्षुल्लक किमतीची वस्तू वाचवायची आणि गिअरबॉक्स घालवायचा, असा हा व्यवहार. मोठ्या इंजिनात हेच काम पंख्याच्या गाभ्यातलं रबर करतं. ते सुटलं की इंजिन गरगरतं आणि होडी मात्र रेंगाळते, पण अगदी हळू चालवलं तर बहुधा घर गाठता येतं.

पंख्याच्या पात्यांना पडलेल्या लहान खाचा कानशीने घासून काढता येतात. ॲल्युमिनियमचं पातं थोडं वाकलं असेल तर हळूहळू सरळही होतं. जोर केला तर मात्र ते तडकतं. एकाच पात्यावर कानस चालली आणि बाकीची तशीच राहिली, तर पंख्याचा तोल जातो, इंजिन थरथरतं आणि बेअरिंग, सील लवकर झिजतात.

सगळ्यात कपटी शत्रू म्हणजे नायलॉनची दोरी. ती पंख्यामागे दांड्याभोवती गुंडाळली जाते, बाहेरून दिसत नाही आणि हळूहळू ऑइल सील कापते. म्हणून अधूनमधून पंखा काढून मागे बघावं. खालच्या भागातलं गिअर ऑइल काढल्यावर ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. पण लगेच मोठ्या खर्चाची भीती नको. कित्येकदा दोष फक्त स्क्रूखालच्या जुन्या वॉशरांचा असतो. ते दर वेळी बदलायचे असतात आणि नेमके तेच कुणी बदलत नाही. नवं ऑइल खालच्या भोकातून भरतात, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

इंजिनाच्या मागून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार हा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप चालू असल्याचा पुरावा. ती मंदावली तर आधी तिच्या तोंडात साचलेली वाळू आणि मीठ बारीक तारेने काढावं. तरी सुधारली नाही, तर पंपातला रबरी इंपेलर बदलावा. त्याचं एखादं पातं तुटलेलं दिसलं, तर तो तुकडा शोधल्याशिवाय काम पूर्ण होत नाही, कारण तो पुढे जाऊन इंजिनातला पाण्याचा मार्ग अडवतो. किनाऱ्यावर ‘फक्त चालू करून बघू’ म्हणून पाण्याविना इंजिन फिरवलं तर हेच रबर काही क्षणांत जळतं.

खालच्या बाजूचा जस्ताचा तुकडाही त्या पिनेसारखाच झिजण्यासाठी बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमऐवजी तो झिजतो. अर्धा उरला की बदलायचा. हौसेने इंजिन रंगवताना त्यावरही रंग फासला, तर तो निरुपयोगी होतो. घासलेल्या ॲल्युमिनियमला आधी प्रायमर द्यावा, आणि तांबं असलेला होडीच्या बुडाचा रंग त्याच्या जवळ आणू नये.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ही कामं निवांत उरकायला तेवढा काळ पुरतो.

इंजिन चालू असताना समुद्रात पडलं तर मात्र थांबायला वेळ नसतो. इंजिन सुरू करायची दोरी जोराने ओढू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनचा दांडा वाकू शकतो. गोड्या पाण्याने धुवावं, प्लग काढून हळू फिरवून पाणी बाहेर काढावं, कार्बोरेटर मोकळा करावा, सिलिंडरमध्ये तेल सोडावं आणि त्याच दिवशी चालू करावं. लगेच जमत नसेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपातच बुडवून ठेवावं. ओलं इंजिन उघड्या हवेत ठेवलं, तर आतल्या लोखंडाला काही तासांतच गंज धरू लागतो.