हरण्या आणि विषाणूचे उसने जनुक

नेपानगर हे नाव देशाच्या दप्तरात चढले ते वृत्तपत्राच्या कागदामुळे. परंतु १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेली ती गिरणी मागे टाकून बऱ्हाणपूरच्या दिशेने तापीच्या खोऱ्यात उतरू लागले की मुलूख लागतो तो केळीचा, आणि या मुलखात, तसाच पलीकडच्या रावेर-यावलात, मृगबागेच्या धन्याला पावसाळी झाकोळात ज्याची धास्ती वाटते तो रोग म्हणजे हरण्या. कोवळ्या पानावर शिरांना समांतर फिकट पिवळ्या रेघा उमटतात, पान ताठर होऊन कडेने फाटते आणि अखेरीस मधला पोंगाच सडतो. या रोगाचे मूळ असलेला काकडी-मोझॅक विषाणू मावा ही कीड वाहून आणते. विषाणूवर फवारावयाचे औषध नाही, म्हणून बाधित झाड मुळासकट उपटून पुरणे आणि बांधावरचे तण काढणे एवढेच हाती उरते.

या असहायतेवर विज्ञानाने शोधलेला उपाय विषाणूच्याच पोटातून निघाला. रोगकारकाचे जनुक वनस्पतीत घालून तिला संरक्षण द्यावे, ही कल्पना सॅनफोर्ड व जॉन्स्टन यांनी १९८५ साली मांडली. दुसऱ्याच वर्षी सेंट लुइस येथे रॉजर बीची व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या रोपात तिच्या मोझॅक विषाणूचे कवच-प्रथिनाचे जनुक बसविले, आणि रोग लांबला वा उमटलाच नाही. हवाई बेटावरील पुना भागात १९९२ साली पपईच्या बागा रिंगस्पॉट विषाणूने ग्रासल्या, तेव्हा त्याच विषाणूचे जनुक पपईत घालण्याचे डेनिस गोन्साल्विस यांचे काम सिद्ध होते. त्यातून निघालेल्या 'रेनबो' वाणाचे बी १९९८ साली शेतकऱ्यांस वाटले गेले, आणि बुडणारा धंदा सावरला. अमेरिकेने १९९६ साली मोकळीक दिलेल्या भोपळ्याच्या एका वाणात तर प्रत्यक्ष हरण्याच्याच विषाणूचे जनुक आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

कवच-प्रथिनच विषाणूला थोपविते, असा प्रथम समज होता. पुढे उमगले की पेशी दुपदरी आरएनएचे बारीक तुकडे करते आणि त्यांच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनएही छाटून टाकते. त्याच सूत्राने २०१२ साली ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी रसथाळी जातीच्या केळीत पर्णगुच्छ या दुसऱ्या रोगाच्या विषाणूविरुद्ध उच्च प्रतिकार सिद्ध केला. मात्र हे संरक्षण जुळणीवर अवलंबून असल्याने, हवाईत तरलेली पपई अन्यत्रच्या विषाणूपुढे नमते. बऱ्हाणपूरच्या केळीसाठी म्हणूनच येथल्याच विषाणूचा नमुना घ्यावा लागेल.

विषाणूरोधक असे कोणतेही जनुकांतरित पीक आपल्या देशात लागवडीस अद्याप आलेले नाही. सावधगिरी मला मान्य आहे; परंतु मुनव्यांवर वा ऊतिसंवर्धित रोपांवर वाढणाऱ्या या बिनबियांच्या पिकात परागातून जनुक पसरण्याचे भय फारच थोडे आहे, आणि बंदिस्त क्षेत्रातील चाचण्यांना तरी विलंब लागू नये, असे मनापासून वाटते. उघडीप पडली की बागवान ओळीओळीने पोंगे न्याहाळीत निघतो. रेघ दिसली की कुदळ मागवितो.