छपरावरचे चौसष्ट लेझर

डेव्हिड हॉल यांचा धंदा स्पीकरचा. कॅलिफोर्नियातली त्यांची व्हेलोडाइन कंपनी १९८३ पासून सबवूफर बनवत होती. चालकाविना धावणाऱ्या गाड्यांना सभोवतालचं अंतर मोजून देणारं यंत्र अशा कारखान्यातून यावं, हे मला या क्षेत्रातलं सर्वांत विलक्षण प्रकरण वाटतं.

मार्च २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’ संस्थेने मोहावी वाळवंटात चालकरहित गाड्यांची शर्यत ठेवली. मार्ग सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरही पार करू शकली नाही. हॉल यांचीही गाडी होती, दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढणारी. लेझरच्या प्रकाशाने अंतर मोजणारे लायडार तेव्हाही होते, पण बहुतेक लायडार समोरच्या दृश्याचा एकच आडवा काप पाहत. त्या रेषेच्या वरची फांदी किंवा खालचा खड्डा त्यांच्या हिशेबातच नसे.

पुढच्या शर्यतीसाठी हॉल यांनी ६४ लेझर थोड्याथोड्या वेगळ्या कोनांत बसवले आणि सगळा डोलाराच गरगर फिरता केला. २००५ ची शर्यतही त्यांच्या गाडीला पूर्ण करता आली नाही. मग त्यांनी शर्यत सोडली आणि यंत्र विकायला काढलं.

त्यामागचं तत्त्व साधं आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा झोत सुटतो, वस्तूवर आपटून परततो. लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. अवघड आहे ते घड्याळ. एका नॅनोसेकंदाची चूक झाली, की अंतर १५ सेंटिमीटरनी चुकतं. हे यंत्र सेकंदाला दहाएक फेऱ्या घेत दहा लाखांहून अधिक बिंदू अशा काटेकोरपणे मोजत असे.

नोव्हेंबर २००७ मध्ये शहरी रस्त्यांसारख्या मार्गावरची शर्यत सहा गाड्यांनी पूर्ण केली. त्यांतल्या पाच गाड्यांच्या छपरावर हॉल यांचं यंत्र फिरत होतं. पुढे गूगलनेही तेच घेतलं. किंमत सुमारे ७५ हजार डॉलर, कित्येक गाड्यांपेक्षा जास्त!

लायडारला सिग्नलचा रंग कळत नाही, दाट धुक्यात त्याची नजर तोकडी पडते, काच त्याला चकवते. म्हणून कॅमेरा आणि रडार सोबत लागतातच. टेस्लाने मात्र लायडार वगळून कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली आहे. मला ते पटत नाही. कॅमेऱ्याच्या चित्रावरून अंतराचा अंदाज बांधावा लागतो, लायडार ते थेट मोजतो. अंधाऱ्या रस्त्यावर कुणी आडवं आलं, तर मला मोजलेलं अंतर हवं. आता चिनी कंपन्यांचे लायडार काही शे डॉलरांत मिळू लागले आहेत, त्यामुळे महागाईची सबबही उरलेली नाही.