बर्फातला दगडी गोठा रंगवताना

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर डेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील स्वेलडेल खोऱ्यात कुरणाकुरणांतून एकेकटे दगडी गोठे उभे दिसतात. हिवाळ्यात चहूकडे बर्फ पसरला की, जलरंगात काम करणाऱ्या चित्रकारांना या गोठ्यांचा मोह पडतो. मात्र हे चित्र दिसते तितके सोपे नसते.

पारदर्शक जलरंगात बर्फ रंगवायचा नसतो, राखायचा असतो. कोऱ्या कागदाचा पांढरेपणा हाच बर्फ. तो कोठे सोडायचा, हे कुंचला ओला करण्यापूर्वीच ठरवावे लागते. बर्फ उजळ भासावा म्हणून आभाळ त्याहून गडद घेतात. उन्हात बर्फावर पडणाऱ्या सावल्या निळसर दिसतात. कारण तेथे थेट ऊन पोहोचत नाही, निळ्या आभाळाचा प्रकाश तेवढा पोहोचतो. या थंड निळाईपुढे भिंतीचा दगड उबदार वाटतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून त्याच्या करड्या-तपकिरी छटा मिळतात. पहिला थर वाळल्यावर जवळजवळ कोरडा कुंचला वरून ओढला की दगडाचा खडबडीतपणा उमटतो. प्रत्येक दगड रेखाटण्याचा मोह मात्र टाळावा.

गोठ्याचा आकार नेमका साधायचा, तर त्याचे काम ठाऊक हवे. उन्हाळ्यात कापून वाळवलेले गवत माळ्यावर साठवायचे, हिवाळाभर खाली गुरे बांधायची आणि त्यांचे शेणखत आसपासच्या कुरणांत पसरायचे, अशी ही व्यवस्था होती. म्हणूनच खाली गुरांचे दार आणि वर गवत आत टाकण्याची खिडकी असते. भिंत दुहेरी असून तिचे दोन्ही पदर सांधणारे लांब दगड ओळीने बाहेर डोकावतात. कुरणांभोवतीचे गडगे चुन्याविना रचलेले असतात. बर्फात त्यांची गडद रेघ तेवढी उरते आणि तीच नजरेला गोठ्यापर्यंत नेते.

पुढे शेतावरच मोठ्या आधुनिक शेड आल्या आणि यांतले बहुतेक गोठे रिकामे पडले. स्वेलडेल आणि आर्केनगार्थडेल येथील गोठे व गडगे १९८९ मध्ये संवर्धन क्षेत्र म्हणून घोषित झाले; तरीही वापरात नसलेल्या वास्तूची निगा राखणे खर्चाचेच. छपराची एखादी दगडी फरशी निसटली की पाणी भिंतीच्या गाभ्यात मुरते, थंडीत गोठून फुगते आणि भिंत सुटू लागते. त्यामुळे छपराला आलेला बाक चित्रात सरळ करून टाकू नये. कदाचित तीच त्या गोठ्याची अखेरची नोंद ठरेल.