जुन्या फियाटला नवं लॉक बसवताय? आधी लॉक जुळवा, दाराचं पॅड शेवटी कापा

गावाकडे एखाद्या वाड्याच्या पडवीत आजही जुनी फियाट उभी दिसते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी १९६४ पासून रस्त्यावर होती. १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' नावाने विकली गेली, पण लोक तिला फियाटच म्हणतात. आता दाराची मूळ लॉकं सहज मिळत नाहीत. मग मालक बाजारात मिळेल ते लॉक आणून बसवतात.

नवं लॉक जुन्यापेक्षा जाड असू शकतं किंवा त्याचा आतला दांडा वेगळ्या जागी येतो. त्यावर जुनं पॅड तसंच दाबून बसवलं की पॅड दांड्याला अडतं आणि लॉक अर्धंच लागतं. दार बंद दिसतं, पण बंद नसतं.

अर्धं लॉक म्हणजे काय?

दार लावताना 'टक-टक' असे दोन आवाज येतात. पहिला अर्ध्या लॉकचा, दुसरा पूर्ण लॉकचा. दाराच्या लॉकसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पूर्ण लागलेल्या लॉकने सुमारे १,१०० किलोची ओढ सहन करावी अशी अट आहे. अर्ध्या लॉकसाठी ती फक्त ४५० किलोच्या आसपास आहे. जुन्या गाडीत मागे बहुधा सीटबेल्ट नसतो आणि लेकरं दाराला टेकून बसतात. खड्ड्यात किंवा वळणावर दार उघडलं तर काय होईल, हे सांगायला नको.

काम कोणत्या क्रमाने करावं?

१. दार उघडून टोकाला धरून वर-खाली हलवून बघा. ढिलं असेल तर आधी बिजागरीचं काम करा. लोंबलेल्या दाराला कुठलंही लॉक नीट लागत नाही.

२. काच वर करूनच पॅड काढा. हँडलमागची चकती आत दाबली की आडवी पिन दिसते, ती ठोकून काढा. काही हँडलांना मधे स्क्रू असतो. पॅडच्या कडेच्या क्लिपा एकेक करून सोडवा. एकदम ओढलं तर हार्डबोर्ड फाटतो.

३. लॉक पत्र्याला बसवून काच पूर्ण खाली-वर करा. लॉक किंवा लांब बोल्ट काचेला घासत असेल तर बोल्ट आखूड घ्या.

४. दार उघडंच ठेवून लॉकची जीभ स्क्रू ड्रायव्हरने फिरवा. दोन्ही टक ऐकू आले पाहिजेत. मग आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही हँडलांनी जीभ सुटते का बघा. ही खात्री होईपर्यंत दार लावू नका. लॉक अडकलं तर ते सोडवायला फार त्रास होतो.

५. आता खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे जीभ जिथे अडकते तो तुकडा, थोडा सैल करून जुळवा आणि घट्ट आवळा. दार न आपटता पूर्ण लागलं पाहिजे.

पॅडची पाळी

जुनं पॅड नमुना म्हणून जपून ठेवा. पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढा, नव्या दांड्याची जागा खूण करा आणि पुठ्ठा दारावर धरून बघा. जुळला की तेवढ्याच जाडीच्या हार्डबोर्डवर उतरवा. भोक आधी लहान पाडा आणि कानसने वाढवा. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. रेक्झीनला फुलीसारखी चीर देऊन कडा मागे चिकटवा. दांडा कुठेच घासता कामा नये.

पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद पुन्हा चिकटवा, नाहीतर पहिल्याच पावसात हार्डबोर्ड फुगतो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही मोकळी करा.

पॅड बसवल्यावर दोन टकांची परीक्षा पुन्हा घ्या. आधी लागणारं लॉक आता अर्धं राहत असेल, तर पॅड अडतंय. तेव्हा लॉक वाकवू नका, पॅडचं भोक वाढवा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण लागतं. पण दाराची तपासणी तेवढ्यावर सोडू नये. गाडी काढण्याआधी प्रत्येक दार एकदा बाहेर ढकलून बघायला अर्धं मिनिटही लागत नाही.