रेंज गेली तरी न थांबणारा खेळ

नव्वदच्या दशकात बेळगावच्या बाजारात काय नि निपाणीच्या उरुसात काय, खेळण्यांच्या दुकानात एक यंत्र हमखास टांगलेलं असायचं: ब्रिक गेम. खोक्यावर ‘९९९९ इन १’. आत खेळ मोजकेच. वेग आणि पातळ्या बदलून आकडा फुगवलेला. ही थाप सोडली तर करामत अस्सल होती. दहा रकाने, वीस ओळी असे दोनशे चौकोन पडद्यात कारखान्यातच बसवलेले. वीज मिळाली की चौकोन काळा, नाहीतर कोरा. वीट खाली येताना दिसते ती खरं तर जागची हलतच नाही. एकाखालचा एक चौकोन काळा होत जातो, इतकंच. मागे दिवा नसल्याने भर उन्हातही स्पष्ट दिसायचं आणि पेन्सिल सेल लवकर संपत नसत.

स्वस्त, रुळलेलं तंत्र घेऊन त्याला नवं काम द्यायचं, ही निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांची रीत. १९८० साली त्यांनी कॅल्क्युलेटरसारख्या पडद्याचा ‘गेम अँड वॉच’ आणला. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा हिरवट आणि मिणमिणता, पण चार सेलवर तो तासन्‌तास चाले. पुढच्याच वर्षी आलेला सेगाचा गेम गिअर रंगीत आणि झगमगीत होता. सहा सेल काही तासांत फस्त करायचा. बाजी गेम बॉयनेच मारली.

फोनने हा डाव उधळला, तोही लगेच नाही. नोकियाच्या २००३ च्या एन-गेजमध्ये खेळ बदलायला बॅटरी काढावी लागे! पण २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं आणि खेळ फुकटात खिशात आले. निन्टेन्डोची हातात धरायची ‘डीएस’ यंत्रं १५ कोटींवर खपली होती. त्याचा पुढचा अवतार, २०११ चा थ्रीडीएस, त्या आकड्याच्या निम्म्यावर अडला. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आलं आणि पुढे फोनवरच्या पबजी खेळाने पोरांना येड लावलं.

मग खेळासाठी वेगळं यंत्र कुणी का घ्यावं? ताकदीत फोनशी शर्यत लावण्यात अर्थ नाही, असं माझं मत. खरी जमेची बाजू बटणांची. काचेवर अंगठे टेकले की पडद्याचे दोन कोपरे झाकले जातात आणि बोट सरकलं तरी कळत नाही. बटणाची कड अंगठ्याला लागते, त्यामुळे नजर खेळावरच राहते. अर्थात ती टिकायलाही हवीत. निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या यंत्राच्या काड्या (जॉयस्टिक) झिजून पात्र आपोआप चालू लागल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. चुंबकावर चालणाऱ्या काड्यांत घासणारा भागच नसल्याने तो त्रास बराच टळतो.

दुसरी बाजू रेंजची. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ती समजावून सांगायला नको. कोगनोळी ओलांडून कागलकडे गेलं की मोबाइलचं सर्कल बदलायचं आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे. ते आता बंद झालं, पण कणकुंबी सोडून चोर्ला घाट उतरू लागा, फोनवरचा ऑनलाइन खेळ अडकलाच म्हणून समजा. वेगळ्या यंत्रातला, कार्डावरचा खेळ पणजीपर्यंत चालतो.

अडतं ते किमतीवर आणि दुरुस्तीवर. फोनचा डिस्प्ले बदलून देणारा निपाणीत सहज सापडतो; निन्टेन्डोने मात्र स्विच भारतात अधिकृतपणे आणलेलाच नाही, त्यामुळे बाहेरून आलेलं यंत्र बिघडलं की सुटा भागही बाहेरूनच मागवा. त्याच्या मेनूत मराठी नाही आणि कन्नडही नाही. साध्या अँड्रॉइड फोनात दोन्ही मिळतात. भाषेवरून इतकी वर्षं ताणाताणी चाललेल्या या पट्ट्यात निदान या बाबतीत तरी दोघांवर सारखाच अन्याय आहे.