कोणत्या रमाबाई?

जानेवारीतल्या सावित्रीबाईंच्या जयंतीपासून मार्चमधल्या महिला दिनापर्यंत शाळाशाळांतून भाषणे होतात, भिंतीवर तक्ते लागतात, आणि त्यांत एक वाक्य हमखास भेटते : ‘न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी पंडिता रमाबाई यांनी स्त्रियांसाठी सेवासदन स्थापन केले.’ कधी ते उलटे होऊन येते आणि रमाबाई रानडे यांच्या नावावर शारदा सदन जमा होते. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शिकांतही हा घोळ सापडतो आणि तो पाठ करून मुले परीक्षेला बसतात.

चूक दाखवून दिली तर उत्तर मिळते, ‘दोघी रमाबाईच ना? कामही एकच, स्त्रीशिक्षणाचे.’ मूळ चुकीपेक्षा हे उत्तर मला जास्त खटकते. दोघींचे काम एक नव्हते, वाट एक नव्हती, आणि एका वळणावर तर त्यांच्या वाटा सगळ्या पुण्यासमोर फुटल्या. तेव्हा एकदा नीट उलगडून सांगायला हवे.

गैरसमज पहिला, आणि सर्वांत चिवट : पंडिता रमाबाई म्हणजेच रमाबाई रानडे

वस्तुस्थिती अशी की या दोन स्वतंत्र स्त्रिया. एकमेकींना ओळखणाऱ्या, वयाने चारपाच वर्षांच्या अंतराच्या, काही काळ एकाच शहरात एकाच कामात असलेल्या. गोंधळाचे मूळ याच जवळिकीत आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मधला, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारा हा शास्त्री, त्यामुळे समाजाशी त्याचे पटले नाही. कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरत राहिले. दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची विद्वत्ता पारखून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ असे गौरवले. म्हणजे ‘पंडिता’ हे बिरुद त्यांनी स्वतः मिळवलेले आहे. कोणा पंडिताची बायको म्हणून ते त्यांच्याकडे आलेले नाही. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. दोन वर्षांच्या आत मेधावी पटकीने वारले. मागे राहिल्या तेविशीतल्या रमाबाई आणि तान्ही मनोरमा.

आता दुसऱ्या रमाबाई. जन्म देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरात. माहेरचे नाव यमुना. ‘रमा’ हे सासरचे. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले, पहिली पत्नी नुकतीच वारलेली. सुधारक मंडळींची अपेक्षा होती की रानड्यांनी विधवेशी विवाह करावा. वडिलांच्या शब्दाबाहेर ते गेले नाहीत आणि ही लहान मुलगी घरात आली. तिला अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने तिला मराठी आणि पुढे इंग्रजी शिकवले. घरातल्या बायकांनी त्यासाठी तिला किती छळले ते तिनेच लिहून ठेवले आहे.

एकीला संस्कृत विद्या आईबापांकडून मिळाली आणि आयुष्य उघड्या रस्त्यावर गेले. दुसरीला अक्षरे लग्नानंतर मिळाली आणि लढाई माजघरात झाली. या दोन आयुष्यांना एक मानताच कसे येते?

मग दोघींची नावे एकत्र का येतात?

१८८२ मध्ये मेधावींच्या मृत्यूनंतर पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. रानडे, भांडारकर या प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांना आधार दिला. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. या समाजात अगदी सुरुवातीपासून येणाऱ्या स्त्रियांत रमाबाई रानडे होत्या. पंडिता रमाबाईंकडे जाण्यावरून रानड्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका संतापत असत. तरीही त्या जात राहिल्या. शंका असेल त्यांनी रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे १९१० चे पुस्तक उघडावे. पंडिताबाईंचे पुण्यातले येणे, त्यावरचा गदारोळ, सारे त्यात आहे. एक रमाबाई दुसऱ्या रमाबाईंविषयी लिहीत असताना दोघी एकच कशा, हा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

परीक्षेतला नेहमीचा घोळ इथलाच. आर्य महिला समाजाच्या स्थापनेचे श्रेय पंडिता रमाबाईंचे. समाजातल्या पहिल्या फळीत रमाबाई रानडे. दोन्ही विधाने खरी आहेत आणि ती वेगळी आहेत.

वाटा कुठे फुटल्या?

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तिथून १८८६ मध्ये अमेरिका. १८८७ मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहून, व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. त्याच्या सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. सदनात धर्मप्रसार होणार नाही, ही त्यामागची समजूत. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला.

हे लक्षात घ्या : शारदा सदनाशी संबंध तोडणारे रानडे हे रमाबाई रानडे यांचे पती. दोघी रमाबाई एक मानल्या की हा सारा प्रसंग अर्थहीन होतो. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातला एक मोठा वाद, म्हणजे स्त्रियांना शिकवताना संस्थाचालकाच्या धर्माचे स्थान काय असावे हा वाद, मुलांच्या हाती लागतच नाही.

त्यानंतर पंडिता रमाबाईंचे कार्यक्षेत्र झाले दौंडजवळचे केडगाव. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. शेती, छापखाना, विणकाम, सारे बायकांच्या हाती. तिथेच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

रमाबाई रानडे यांचे सार्वजनिक कार्य बहरले ते पतीच्या १९०१ मधल्या निधनानंतर. १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले तेव्हा अध्यक्षपद रमाबाई रानडे यांच्याकडे आले. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन त्यांनी स्वतः उभे केले. त्यात गोपाळ कृष्ण देवधर यांची साथ होती. भल्या घरच्या बाईने परक्याची शुश्रूषा करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. सेवासदनाने ब्राह्मण विधवांना परिचारिकेचे शिक्षण घ्यायला लावले. शिक्षिका तयार केल्या, शिवणकाम शिकवले. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी रमाबाई उभ्या राहिल्या. १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या हिंदू घराच्या चौकटीत राहिल्या आणि तिथूनच ती चौकट रुंद करीत गेल्या.

शारदा सदन १८८९ चे, पुण्याचे सेवासदन १९०९ चे. मधे वीस वर्षे आहेत. भारतीय टपाल खात्याने रमाबाई रानडे यांच्यावर १९६२ मध्ये आणि पंडिता रमाबाईंवर १९८९ मध्ये स्वतंत्र तिकिटे काढली आहेत. इतके पुरावे डोळ्यांसमोर असताना हा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालावा याला आळसाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

‘नाव सारखे असले की असे व्हायचेच’

नाही, व्हायचेच असे नाही. त्याच काळात त्याच पुण्याच्या सार्वजनिक जीवनात तीन गोपाळ होते : ‘शतपत्रे’ लिहिणारे गोपाळ हरी देशमुख, ‘सुधारक’ काढणारे गोपाळ गणेश आगरकर, आणि भारत सेवक समाज स्थापणारे गोपाळ कृष्ण गोखले. सहावीतला मुलगाही या तिघांची गल्लत करीत नाही, कारण आपण त्यांना लोकहितवादी, आगरकर आणि गोखले म्हणतो. पुरुषाला आपण आडनावाने, पदवीने, टोपणनावाने ओळखतो. स्त्रीला मात्र नुसते नाव आणि पुढे ‘बाई’, एवढ्यावर भागवतो. तिची संस्था, तिचे पुस्तक, तिची मते तिच्या नावाला चिकटूच देत नाही. मग एकीचे काम दुसरीच्या खात्यावर गेले तरी कुणाला चुकल्यासारखे वाटत नाही.

आणखी काही गल्लती, थोडक्यात

‘रमाबाई आंबेडकर यांनी बाबासाहेबांबरोबर नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.’ रमाबाई आंबेडकर २७ मे १९३५ रोजी वारल्या. येवल्याची धर्मांतराची घोषणाही त्यानंतर पाच महिन्यांनी झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली ती सविता आंबेडकर यांनी.

‘घाटकोपरचे रमाबाई नगर पंडिता रमाबाईंच्या नावाचे.’ ते माता रमाई, म्हणजे रमाबाई आंबेडकर यांच्या नावाचे आहे.

‘थेऊरला रमाबाई रानडे यांची समाधी आहे.’ थेऊरच्या रमाबाई थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. १७७२ मध्ये त्या तिथे सती गेल्या. रमाबाई रानडे त्यानंतर नव्वद वर्षांनी जन्मल्या.

‘स्त्रीपुरुषतुलना पंडिता रमाबाईंनी लिहिली.’ ते पुस्तक बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’. दोन्ही १८८२ ची, म्हणून सरमिसळ होते. या ताराबाई औरंगजेबाशी झुंजणाऱ्या महाराणी ताराबाईही नव्हेत आणि कोसबाडला बालशिक्षण उभे करणाऱ्या ताराबाई मोडकही नव्हेत.

‘डॉ. आनंदीबाईंनी महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह केला.’ डॉ. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतली. त्या समारंभाला त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई हजर होत्या. १८८७ मध्ये, बाविशी पुरी होण्याआधी, आनंदीबाई क्षयाने गेल्या. कर्व्यांशी १८९३ मध्ये विवाह झाला तो शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीचा, गोदूबाईंचा. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. राघोबादादांच्या आनंदीबाई तर शंभर वर्षे आधीच्या.

‘राखीव जागांचा आदेश काढणारे शाहू साताऱ्याचे.’ २६ जुलै १९०२ चा तो आदेश कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंचा. साताऱ्याचे छत्रपती शाहू १७४९ मध्येच निवर्तले.

काय करावे?

शिक्षकांनी आणि छापणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. पूर्ण नाव लिहावे. नावाबरोबर जन्म-मृत्यूची साले द्यावीत. संस्था किंवा पुस्तक सांगितले तर त्याचे साल सांगावे. साल जुळले नाही की चूक तिथेच उघडी पडते. आणि छायाचित्र लावण्याआधी ते कोणाचे आहे याची खातरजमा करावी. याला पाच मिनिटांपलीकडे वेळ लागत नाही.

मी हे इतके हट्टाने सांगतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महाराष्ट्रातल्या शिकू पाहणाऱ्या बाईपुढे एक खरा, अवघड प्रश्न होता : घर आणि धर्म न सोडता मोकळे होता येते का? पंडिता रमाबाईंनी एक उत्तर दिले आणि त्यासाठी जुने सगळे सोडले. रमाबाई रानडे यांनी दुसरे दिले आणि त्यासाठी आयुष्यभर घरच्यांचा रोष सोसला. दोन्ही उत्तरांतून संस्था उभ्या राहिल्या आणि त्या केडगावात व पुण्यात आजही चालू आहेत. आपल्या मुलींना ही दोन्ही उत्तरे कळली पाहिजेत, म्हणजे तिसरे उत्तर त्या स्वतः शोधू शकतील. दोघींची एक रमाबाई करून ठेवली तर त्यांच्यासमोर तो प्रश्नच येणार नाही.