लाईट सगळ्यांनाच लागते, मग शेअर का पडतो?

मागच्या रविवारी परभणीला घरी होतो. सोयाबीनचे पैसे नुकतेच आलेले. काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला, "लाईट तर सगळ्यालाच लागते. मग लाईटच्या कंपनीत टाकलेला पैसा बुडल कसा?" प्रश्न रास्त होता. पण त्याच पैशातून रब्बीचं बियाणं आणि चुलत बहिणीची फी जायची होती, म्हणून उत्तर नीट शोधलं. तेच या भागात.

परभणीत आपल्याला बिल येतं महावितरणचं. 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन ही कंपनी निघाली. ती सरकारी आहे, शेअर बाजारात नाही. म्हणून उदाहरण घेऊ टाटा पॉवरचं. 1915 मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज पोचवली ती यांनीच.

आता मुद्दा. किराणा दुकानदार उद्या साखरेचा भाव वाढवू शकतो, वीज कंपनी नाही. घरात येणाऱ्या विजेचा दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. हिशोब साधारण असा: प्रकल्पाच्या भांडवलातले 70 टक्के कर्ज आणि 30 टक्के मालकाचा पैसा धरायचा, आणि त्या 30 टक्क्यांवर ठरलेला परतावा द्यायचा. म्हणजे नफ्याला वरून छत आहे. मागणी वाढली म्हणून नफा वाटेल तसा वाढत नाही.

खाली मात्र जमीन असेलच असं नाही. गुजरातमधला मुंद्रा प्रकल्प बघा. 4,000 मेगावॅटचा, बोली लावून घेतलेला. 25 वर्षांसाठी सरासरी दर युनिटला 2 रुपये 26 पैसे. कोळसा इंडोनेशियाचा. पुढे इंडोनेशियाने नियम बदलला, की कोळसा आंतरराष्ट्रीय भावानेच विकायचा. खरेदी महागली, विक्रीचा दर करारात अडकलेला. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, दुसऱ्या देशाचा कायदा बदलला म्हणून इथला दर वाढवून मिळणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. 2022 मध्ये रशियाचा गॅस आटला आणि जर्मनीच्या युनिपर कंपनीवर बाजारातून महाग गॅस घेऊन ग्राहकांना जुन्या ठरल्या भावाने द्यायची वेळ आली. वर्षअखेर सरकारला तिची 99 टक्के मालकी घ्यावी लागली. गॅसला गिऱ्हाईक होतं, तरीही!

शेअरवर याचा परिणाम? जानेवारी 2008 च्या तेजीत टाटा पॉवर घेतलेल्याला तो भाव (शेअरचं विभाजन धरून) परत दिसायला 2021 उजाडलं. तेरा वर्षं! नंतर सौरऊर्जेच्या आशेवर भाव झपाट्याने चढला.

आता आकडे. 2023-24 मध्ये कंपनीचं उत्पन्न सुमारे 61,000 कोटी, नफा 4,280 कोटी. आदल्या वर्षी नफा 3,810 कोटी होता. म्हणजे शंभर रुपयांच्या धंद्यात हाती साधारण सात. उपकंपन्यांतल्या भागीदारांचा वाटा वजा केला की एका शेअरमागे नफा साडेअकरा रुपयांच्या आसपास. मार्च 2024 अखेर भाव 390 च्या पुढे. भागिले तर 34 येतात. म्हणजे आज मिळणाऱ्या एका रुपयाच्या नफ्यासाठी लोक 34 रुपये मोजत होते. लाभांश त्या वर्षीचा, शेअरला 2 रुपये. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पुढची वाढ भावात आधीच धरलेली होती, इतकंच.

म्हणून वीज कंपनी बघताना तीन प्रश्न विचारा. दर कोण ठरवतं? इंधन महागलं तर बोजा कोणावर? आणि आजच्या नफ्याच्या किती पट भाव चालू आहे?

मी कोडिंग करणारा माणूस, गुंतवणूक सल्लागार नाही. घ्या किंवा विका, असं सांगणार नाही. काकांनी बियाण्याचे आणि फीचे पैसे आधी बाजूला काढले. उरलेल्याचं अजून ठरलेलं नाही. पण काल फोन आला तेव्हा त्यांनी भाव विचारला नाही. विचारलं, "कोळसा कुठून येतो रे त्यांचा?"

भेटू पुढच्या भागात!